वैनगंगेला नेसवलेले लुगडे

श्रीखेमाजी महाराजांचा मुक्काम एका जागी फारसा टिकत नसे. तीन दिवस एका गावी काढले की चौथ्या दिवशी त्यांचे पाय पुढच्या वाटेला लागत. पण वैनगंगेच्या काठी कुरणघाट म्हणून गाव आहे, तिथे ते एकदा आषाढात आले आणि राहिलेच. आषाढ गेला, श्रावण गेला, तरी निघायचे नाव घेईनात. का राहिले, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. भाद्रपदात, ऋषिपंचमीच्या दिवशी, ते साऱ्या गावाला आपोआप कळले. ती हकीकत ज्यांनी डोळ्यांनी पाहिली त्यांच्या तोंडून जशी पुढे आली, तशी इथे सांगतो.

महाराज गावात आले तोच दिवस न्यारा होता. महादेवाच्या देवळापुढे हार, आरती, वाजंत्री घेऊन मंडळी सकाळपासून उभी होती. ऊन तापले तरी महाराजांचा पत्ता नाही. शेवटी चौघे शोधायला निघाले. ते कोष्टीपुऱ्यात पोहोचले तर एका ठेंगण्या घराच्या ओट्यावर, भिंतीला पाठ लावून, डोळे मिटून महाराज बसलेले. आतून हातमागाचा आवाज येत होता.

"महाराज, मंडळी खोळंबली आहेत जी," एकाने हात जोडून सांगितले.

महाराज डोळे न उघडता म्हणाले, "थांबा जरा. आत माउलीचा पाठ चालला आहे. मध्येच उठून जाणे बरे नव्हे."

ते घर कौतिकाबाईचे. तिचा नवरा चिंधुजी हा गावातला नावाजलेला विणकर होता. तो जाऊन नऊ वर्षे झाली होती. पोटी मूलबाळ नव्हते. एरवी बायकांनी सूत उकलावे, कांड्या भराव्या, ताण्याला खळ लावावी आणि मागावर पुरुषांनी बसावे, अशी रीत. चिंधुजीच्या तेराव्यानंतर कौतिकाबाईने माग पुसला, जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडले आणि धोटा हातात घेतला. गावाने नावे ठेवली. ती कुणाला उलट बोलली नाही आणि मागावरून उठलीही नाही.

एके काळी कुरणघाटात चाळीस माग चालत. इथली सुती लुगडी, गडद रंगाची आणि करवतीच्या दातांसारख्या काठाची, नदीपार दूरदूरच्या बाजारांत जात. ती नेणारे घर हरबाशेठांचे. त्यांचे वडील बैलगाड्या भरून लुगडी नेत आणि प्रत्येक घडीला हात लावून विणकराचे नाव सांगत. वडील गेले, रेल्वे आली, रेल्वेबरोबर गिरणीचे कापड आले. हरबाशेठांनी मोठे दुकान थाटले आणि कोष्टीपुऱ्याकडची वाट सोडली. एकेक माग बंद पडत गेला. महाराज आले तेव्हा अवघे तीन उरले होते.

हरबाशेठ वाईट मनुष्य होते असे नाही. देवळाचा जीर्णोद्धार त्यांनीच केला होता. पण गाव आपल्या दुकानावर चालते, हे त्यांच्या मनाने घेतले होते, आणि ते बोलण्यात उतरत असे.

श्रावणाच्या सुरुवातीला महाराज एका दुपारी पुन्हा कौतिकाबाईच्या ओट्यावर आले. ती लगबगीने पाट घेऊन बाहेर आली. महाराज म्हणाले, "माय, ऋषिपंचमीला गावातल्या बाया नदीची ओटी भरतात ना?"

"हो जी. नारळ, तांदूळ, खण."

"यंदा तिला लुगडे नेसव. तुझ्या हातचे."

कौतिकाबाई बावरली. "माझ्या हातचं जाडंभरडं रायते, महाराज. मालकाच्या हातची सर नाही मले."

"मी मालकाच्या हातचे मागितले का?" महाराज म्हणाले आणि उठून चालू लागले.

तिने दुसऱ्याच दिवशी ताणा लावला. महिनाभर ती लुगडे विणत होती. हिरवी जमीन, कुंकवासारखे तांबडे काठ. मध्ये चार दिवस तिला ताप भरला. तापातही ती बसली, तेवढ्या जागी विणकाम जरा विरळ आले. उघाडीच्या हवेने कोरडे पडलेले सूत तुटे, मग ती ओठ मिटून गाठ मारी आणि पुढे जाई. हरतालिकेच्या दिवशी शेवटचा धागा घातला, दोन्ही टोकांच्या सुट्या धाग्यांना, दशांना, गाठी बांधल्या. भरले अठरा हात.

ऋषिपंचमीला सकाळीच घाटावर दाटी झाली. बाया आंघोळी करून ओट्या घेऊन उभ्या होत्या. आभाळ लख्ख होते. पंधरा दिवसांत गावावर थेंब पडला नव्हता. पात्राच्या मधोमध असलेला हत्तीखडक पुरता उघडा पडला होता आणि पाणी त्याला संथ वळसा घालून जात होते. महाराज पिंपळाच्या पारावर बसले होते.

हरबाशेठ आले ते सजवलेल्या नावेची वर्दी देतच. त्यांच्या हातात जरीचा शालू होता, बोट धरून सहा वर्षांची नात वेणू होती. मागे सून होती. कौतिकाबाईच्या हातातली घडी पाहून ते थांबले.

"हे काय, बाई?"

"लुगडं आहे जी. नदीले."

शेठजींनी घडीचे एक टोक उचलले आणि उन्हात धरले. "केवढ्या ह्या गाठी! गोणपाट बरं याच्यापेक्षा. आपली वैनगंगा काय भीक मागायला बसली आहे, हे नेसायला?"

आजूबाजूचे लोक हसले. काही कोष्टीपुऱ्यातलेही हसले, ते कौतिकाबाईला जास्त लागले. ती खाली बघत म्हणाली, "धागा तुटला का गाठ माराव लागते, शेठजी. नाही तं पुढं कसं जाव?"

शेठजींनी टोक सोडून दिले. "तुम्ही काठावरून टाका काय टाकायचं ते. मी मधल्या धारेत जाऊन शालू अर्पण करणार आहे. गोमा, नाव काढ."

गावचा नावाडी गोमाजी ढिवर वल्हे घेऊन उभा होता. त्याने एकदा पाण्याकडे आणि एकदा महाराजांकडे पाहिले. तेव्हा महाराज पारावरून म्हणाले, "शेठजी, आज ओटी काठावरूनच भरा. पाण्याचा वास बदलला आहे."

"आभाळात ढगाची चिंधी नाही, महाराज," शेठजी नम्रतेने पण हसत म्हणाले. "अर्ध्या घटकेत परत येतो."

वेणूने आजोबांच्या मांडीवर बसायचा हट्ट धरला. शेठजींनी तिलाही नावेत घेतले.

नाव धारेला लागली. शेठजींनी शालू उलगडला आणि उभे राहून पाण्यावर सोडला. तो सरळ तळाशी गेला. इतक्यात वरच्या वळणाकडून आवाज आला. गाड्यांची लांबच लांब रांग दगडी रस्त्यावरून यावी, तसा. गोमाजीने मान वर केली आणि त्याचा चेहरा उतरला. वरच्या डोंगरात रात्रभर पाऊस झाला होता. त्याचे पाणी गढूळ भिंतीसारखे, मोडलेली झाडे पोटात घेऊन येत होते.

नाव फिरवायला वेळ मिळालाच नाही. लोंढ्याने तिला उचलले आणि हत्तीखडकावर आपटले. फळ्या फुटल्या. गोमाजीने एका हाताने वेणूला आणि दुसऱ्याने शेठजींना धरून कसेबसे खडकावर चढवले. तिघे वर बसले आणि पाणी त्यांच्या पायांशी चढू लागले.

काठावर एकच कल्लोळ उठला. विहिरीचे दोर आणून एकमेकांना बांधले, टोकाला दगड बांधून फेकले. ते निम्म्यावरही गेले नाहीत. दोन ढिवर दोर कमरेला बांधून पाण्यात उतरले. दोघांनाही धारेने खाली नेऊन झाडाच्या ओंडक्यावर आदळले आणि लोकांनी रक्तबंबाळ अवस्थेत ओढून घेतले. काठापासून खडक शंभर हात तरी असेल. दुसरी नाव होती ती लोंढ्याबरोबर निघून गेली होती.

शेठजींची सून धावत पारापाशी आली आणि महाराजांच्या पायांवर कोसळली. महाराजांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि उठले. ते थेट कौतिकाबाईपाशी गेले. ती घडी छातीशी धरून खडकाकडे बघत होती.

"माय, नदीला नेसवायला आणलेस ना? नेसव."

कौतिकाबाईला वाटले, ओटी भरून नदीला शांत करायचे आहे. ती गुडघाभर पाण्यात गेली. महाराज म्हणाले, "एक टोक सोड. घडी हातातच ठेव. ती पोर धरील असे सोड."

मग तिला उमगले. ती वळून म्हणाली, "महाराज, अठराच हात आहे जी. तिथवर नाही पुरत."

"विणायला बसलीस तेव्हा अठरा हात एकदम विणलेस का? एकेक धागा घातलास. आता एकेक हात सोड. पुढचे तू बघू नकोस."

कौतिकाबाईने डोळे मिटून वैनगंगेला हात जोडले आणि लुगड्याचे टोक पाण्यावर ठेवले.

त्या धारेत साल-सागाची झाडे काडीसारखी वाहत होती. जे पडेल ते खाली जात होते. पण लुगड्याचे टोक खाली गेले नाही. ते पाण्यावर पसरले, क्षणभर थांबले आणि आडवे, धारेला छेद देत, खडकाच्या दिशेने सरकू लागले. कुणी ओढत नव्हते. वारा नव्हता. काठावरचा कल्लोळ हळूहळू थांबला. नुसता पाण्याचा गर्जना करणारा आवाज उरला.

कोष्टीपुऱ्यातली माणसे, थोड्या वेळापूर्वी हसलेलीसुद्धा, न सांगता पुढे झाली. कापड गुंतू नये म्हणून कौतिकाबाईच्या पुढे ओळीने पाण्यात उभी राहिली आणि ते तळहातांवरून सोडू लागली.

कौतिकाबाईच्या हातांतून घडी उलगडत होती. आपले विणकाम तिला डोळे मिटूनही कळत होते. हा पहिल्या दिवसाचा पदर. हा तापातला विरळ भाग. ही दुहेरी गाठ. हात दहा, बारा, पंधरा. आता टोक येणार म्हणून तिने मूठ घट्ट केली. टोकाच्या दशा तिने स्वतः बांधल्या होत्या.

दशा आल्या नाहीत.

कापड पुढे आले. तिचे नसलेले. वीण घट्ट होती आणि डावा काठ किंचित ओढलेला. चिंधुजीचा उजवा खांदा लहानपणी मोडला होता, म्हणून त्याच्या प्रत्येक लुगड्याचा डावा काठ असाच येई. बावीस वर्षे तिने त्याला कांड्या भरून दिल्या होत्या. तो काठ तिने जगात कुठेही ओळखला असता. नऊ वर्षांपूर्वी थांबलेला तो हात आज तिच्या बोटांखालून हात-हातभर पुढे जात होता. ती रडली नाही. रडले तर कापड हातून सुटेल, एवढेच तिला कळत होते.

त्यापुढचे कापड तिच्या सासऱ्याचे. तांबड्या काठात एक पांढरा धागा घालायची त्यांची सवय होती.

ओळीत पुढे सीतारामजी उभे होते, ऐंशीच्या घरातले. त्यांचा माग बंद पडून पाच वर्षे झाली होती. त्यांच्या तळहातांवरून कापड जात असता ते एकाएकी थांबले, काठ डोळ्यांजवळ नेला आणि हळूच म्हणाले, "हा माझ्या बापाचा हात आहे."

मग एकेकाला कळत गेले. कुणाला आजोबा सापडले, कुणाला लहानपणीच गेलेला भाऊ. कुणी नाव घेतले, कुणी कापड नुसते कपाळाला लावून पुढच्याच्या हाती दिले. त्याही पुढे असे कापड आले की ते कुणालाच ओळखता आले नाही. सूत वेगळे, वीण वेगळी, रंग उतरून मऊ झालेला. इतके जुने की त्या विणकरांची नावे सांगणाराही आता कुणी नव्हता. सांधा मात्र कुठेच नव्हता. काठ अखंड चालला होता, करवतीचा एक दात चुकला नव्हता.

टोक खडकाला लागले. गोमाजीने ते उचलले. पाणी तोवर त्यांच्या कमरेला आले होते. त्याने वेणूला कापडात गुंडाळले, बगलेखालून गाठ मारली आणि हात हलवला. काठावरच्या तीस-चाळीस माणसांनी ओढ घेतली. पोर दोनदा पाण्याखाली गेली, दोनदा वर आली, आणि तिच्या आईने तिला गळ्याशी धरले. कौतिकाबाईने लुगड्याचे टोक पुन्हा पाण्यावर ठेवले. ते पुन्हा गेले.

"शेठजी, तुम्ही," गोमाजी म्हणाला.

"मी जड आहे. हे तुटेल रे," शेठजी म्हणाले. त्यांचे दात वाजत होते.

"तुटायचं तं पोरीलेच तुटलं असतं. धरा."

शेठजींनी कापड हाताला गुंडाळून पाण्यात उडी घेतली. एक ओंडका येऊन छातीवर आदळला आणि हाताचा वेढा सुटला. ओल्या कापडावरून त्यांची बोटे घसरू लागली. इतक्यात बोटांना काहीतरी अडले. गाठ होती. तेवढ्या आधारावर ते तगले. पुन्हा घसरले, पुन्हा गाठ. आयुष्यभर कापड विकून त्यांनी कापड इतक्या जवळून कधी पाहिले नव्हते. धारेने सगळा जोर लावून ओढले, पण सूत हलले नाही. गाठी-गाठीला धरत हरबाशेठ काठाला लागले. शेवटी गोमाजी आला आणि त्याच्या पाठोपाठ पाणी खडकावरून गेले. मग खडक दिसला नाही.

लुगडे काठावर ओढून घेतले. सीतारामजींनी मोजले. अठरा हात. दोन्ही टोकांना कौतिकाबाईने बांधलेल्या दशा. कुठे ताण नाही, कुठे फाटले नाही. त्यांनी दुसऱ्यांदा मोजले आणि खाली बसले.

शेठजी तसेच चिखलाने भरलेले महाराजांपाशी आले आणि पायांवर डोके ठेवायला वाकले. महाराजांनी पाय मागे घेतले.

"शेठजी, माझ्या हातून आजवर वीतभर कापड विणून झालेले नाही. ज्यांनी धरले त्यांना नमस्कार करा."

शेठजींनी वळून पाहिले. काठाशी ओळीने, ओलेचिंब कोष्टी उभे होते. त्यांच्या नजरेला नजर देणे शेठजींना जमले नाही. नातीला कडेवर घेऊन, मान खाली घालून ते घरी गेले.

गावकऱ्यांनी ते लुगडे देवळात ठेवायचे ठरवले. कौतिकाबाई म्हणाली, "ते नदीचं आहे जी. तिच्यासाठीच विणलं." तिने घडी केली, हळदकुंकू वाहिले आणि लुगडे पाण्यावर सोडले. या वेळी ते धारेबरोबर गेले. वळणापर्यंत त्याची हिरवी पट्टी दिसत होती, मग गढूळ पाण्यात मिसळली.

दुसऱ्या दिवशी पहाटे पूजेला आलेल्या गुरवाला देवळात महाराजांची घोंगडी दिसली नाही. ते पुढच्या वाटेला लागले होते.

हरबाशेठ दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी ते एकटेच, अनवाणी, कोष्टीपुऱ्यात आले. लोक दारांत येऊन बघू लागले. कौतिकाबाईचे दार इतके ठेंगणे की शेठजींना वाकूनच आत जावे लागले. ती मागावर होती. पाय खड्ड्यात, मांडीशी ताणा. नुकतीच खळ लावून झाली होती, जमीन त्या चिकट पाण्याने ओली होती. शेठजींना पाहून ती उठू लागली, पण ताण्यात अडकल्यामुळे तिला पटकन उठता येईना.

"बसा, बाई," शेठजी म्हणाले. "हात थांबवू नका."

ते खड्ड्याच्या काठाशी गुडघे टेकून बसले. त्यांनी पागोटे काढून बाजूला ठेवले आणि त्या ओल्या जमिनीवर, मागाच्या पायथ्याशी, कपाळ टेकवले.

कौतिकाबाई संकोचून गेली. "शेठजी, उठा जी. खळ लागते कपाळाले."

"लागू द्या, माय," हरबाशेठ म्हणाले. आणि बराच वेळ त्यांनी डोके वर उचलले नाही.